इर्जिकीचा स्लॅब

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते पौडच्या एका सेंट्रिंग मिस्त्रींचे. स्लॅब टाकण्याआधी त्याच्याखाली फळ्यांचा आणि लाकडी टेकूंचा साचा उभा करावा लागतो, ते काम त्यांचं. ते मुसलमान होते, बोलणं आमच्यासारखंच मावळी. मी त्यांना चाचा म्हणायचो. नाव इथं लिहीत नाही, कारण नाव घ्यायचा हक्क मी मध्यंतरी घालवला होता. तो परत मिळाला की नाही, मला सांगता येत नाही.

आमचं गाव भूगावच्या पुढं, पौड रस्त्यापासून थोडं आत. शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर पौड. एरवी एसटीने जाता यायचं, पण पावसाळ्यात ओढा फुगला की रस्ताच गाठता येत नसे. चाचांनी आमच्या घराचं आढं बदलून दिलं होतं, तेवढीच त्यांची आणि वडिलांची ओळख. पण मला शाळेतून काढणार हे कळल्यावर ते वडिलांना म्हणाले, "पोरगं पावसाळ्यात माझ्याकडं ठेव. घरात चार खाणारी हायेत, पाचवं काय जड न्हाई." आठवी ते दहावी, तीन पावसाळे मी त्यांच्या घरात राहिलो. चाची मला तांदळाची भाकरी पहिल्यांदा वाढायची, कारण मला शाळा गाठायची असे.

दहावीला सहामाहीत मी गणितात नापास झालो. तेव्हा पिरंगुटच्या बाजूला एकेक कारखाना उभा राहत होता. मी चाचांच्या घरी येऊन सांगितलं, शाळा पुरे, कंपनीत जातो. चाचा रंधा मारत बसले होते. त्यांनी उठून अशी थप्पड मारली की मी उंबऱ्यावर पडलो आणि ओठ फुटून तोंड रक्ताने भरलं.

"हात काय कुनाला बी असत्यात," ते म्हणाले. "ऊठ. दप्तर घे."

दुसऱ्या दिवशी अंगावरचा भुसासुद्धा न झटकता ते शाळेत आले आणि गणिताच्या गुरुजींना म्हणाले, "ह्याला रोज तासभर जास्ती बसवा. न्हाई बसला तर मला निरोप धाडा." कान दोन दिवस वाजत होता. गणितात मी पास झालो. पुढं पुण्याला सायकलवरून जाऊन-येऊन बी.कॉम. झालो. आमच्या सगळ्या भावकीत तोवर कुणी पदवीधर नव्हता.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पुण्याहून पौड रस्त्याने रुळांवरची छोटी गाडी येणार, अशी बातमी गावात आली. कुणी तिला ट्राम म्हणे, कुणी लहान रेल्वे. मोजणीची माणसं आली, लाल रंगवलेल्या लाकडी खुंट्या ठोकून गेली. ती मोजणी कशाची, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. खुंट्या जिथं जास्त तिथं स्टेशन होणार, हे गावाने आपलं आपणच ठरवलं.

जमीन जाऊ नये म्हणून लोक सरकारी खुंट्या उपटून फेकतात, असं मी नंतर पुष्कळ ऐकलं. आमच्या गावाने उलटं केलं. लोकांनी खुंट्या उपटल्या आणि आपापल्या वावरात ठोकल्या. स्टेशन आपल्याकडं आलं पाहिजे! पंधरा दिवसांनी मोजणीवाले परत आले, तर त्यांची सरळ रेघ दोनदा ओढा ओलांडून, एका विहिरीला वळसा घालून, भाताच्या खाचरांतून वर-खाली जात होती.

"अहो, ही गाडी आहे का नागीण?" त्यांच्यातला एकजण म्हणाला. गाव खो खो हसलं, पण कुणी खुंटी परत दिली नाही.

हसण्यावारी गेलेलं ते तेवढंच. माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, आणि भावकीतले दुसरे चुलते, नाना, यांच्या जमिनी बांधाला बांध लागून होत्या, अगदी रस्त्याच्या तोंडाशी, एसटीच्या थांब्यासमोर. एका खुंटीवरून भरदुपारी दोघांची जुंपली. नानांनी खुंटी धरून ठेवली होती. आबांनी हातातली लाकडी मोगरी त्यांच्या हातावर घातली. दोन बोटं मोडली. नाना बांधावर बसून ओरडत होते आणि आबा त्याच मोगरीने खुंटी स्वतःच्या बाजूला ठोकत होते. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मोजणीनंतरच्या त्या दोन वर्षांत गावात असं एकही घर राहिलं नसेल की ज्यात कुणाचं डोकं फुटलं नाही की हात मोडला नाही.

आता माण गावाकडं उंच खांबांवरच्या मेट्रो गाडीचं स्टेशन झालं आहे आणि त्याच्या भोवतीने खाली दुकानं, वर फ्लॅट अशा आकाशाला भिडणाऱ्या इमारती. जाहिरातींतली चित्रं पाहिली की मला आबांच्या जमिनीवर लागलेला बोर्ड आठवतो. पुण्याच्या एका बिल्डरने तो लावला होता. खाली बारा दुकानं, वर तीन मजले फ्लॅट, समोर स्टेशन आणि स्टेशनात उभी छोटी गाडी. चित्रातल्या गाडीच्या डोक्यातून धूर निघत होता. गाडी आली नाही, पण इमारत मात्र सुरू झाली. जमिनीच्या बदल्यात आबांना चार दुकानं आणि दोन फ्लॅट मिळणार होते.

बिल्डरला गावातला, लिहिता-वाचता येणारा माणूस हवा होता. आबांनी मला लावलं. रोज काय काम झालं ते साईटच्या वहीत लिहायचं, आणि इंजिनिअर नसताना कामगारांना लेखी हुकूम द्यायचा. इंजिनिअर आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून येत. सेंट्रिंगला माणूस पाहिजे म्हटल्यावर मी चाचांचं नाव सुचवलं. मला फार अभिमान वाटला होता. पहिल्या दिवशी ते दोन माणसं घेऊन आले, माझ्याकडं पाहून हसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "राम राम बी.कॉम.साहेब! आता हुकूम सोडा."

"चाचा, गंमत करू नका."

"गंमत न्हाई. तुजा हुकूम ऐकायला मी तुला शाळेत घातला व्हता."

काँक्रीट कालवणारी टोळी विजापूरकडची होती. मे महिन्यात विहिरीवर पाणी भरण्यावरून गावातल्या पोरांनी त्यांना बांबूंनी मारलं. त्यांच्या मुकादमाचं डोकं उघडं पडलं, एका बाईला फरपटत विहिरीपासून लांब टाकलं. सकाळच्या एसटीने सगळी टोळी निघून गेली. दुकानांवरच्या स्लॅबचं सेंट्रिंग तयार होतं, सळया बांधून झाल्या होत्या, पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. बिल्डर हवालदिल झाला. आबा त्याला म्हणाले, "टोळी गेली तर जाऊ द्या. आमी इर्जिक घालतो."

इर्जिक म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. एखाद्याची नांगरट अडली की सगळं गाव आपापले बैल घेऊन त्याच्या शेतात जातं आणि एका दिवसात काम उरकतं. मजुरी नाही. हलगी वाजते, गाणी होतात. ज्याचं शेत त्याने बकरं कापायचं आणि सगळ्यांना एका पंगतीत बसवून जेवू घालायचं. इर्जिकीला बोलावणं आलं की ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यानेही जायचं असतं.

चाचा म्हणाले, "आबा, नांगरट अर्धी ऱ्हायली तर बैल सोडून जेवाय बसता येतं. ह्ये तसं न्हाई. एकदा सुरू केलं की संपवूनच थांबायचं."

"थांबणार न्हाई. माझा शबूद," आबा म्हणाले.

त्या दिवशी साठ-सत्तर माणसं आली, बायकाही. नानाही आपल्या दोन मुलांना घेऊन आले, मोडून वाकड्या राहिलेल्या बोटांनी घमेली उचलायला लागले. इंजिनिअरने सकाळी सळया तपासल्या आणि अकराला ते पुण्याला गेले. मिक्सर फिरत होता, हलगी कडकडत होती, माणसांची रांग शिडीवरून वर गेली होती.

"ए बी.कॉम.," खालून एक म्हातारी ओरडली, "घमेलं उचल की! पेन लई जड हाय व्हय?"

मीही रांगेत लागलो. एक वाजेपर्यंत दुकानांवरचा स्लॅब झाला. राहिली फक्त पुढची गॅलरी. ती भिंतीच्या बाहेर चार फूट येत होती, खाली खांब नव्हते. मटण शिजल्याचा वास वर आला आणि एका म्हाताऱ्याने घमेलं खाली ठेवलं. मग दुसऱ्याने. पाच मिनिटांत रांग मोडली.

चाचा धावत आबांकडं गेले. "तासा-दीड तासाचं काम हाय. अर्धे जेवा, अर्धे काम करा. मंग बाकीचे बसतील."

"दुसऱ्या पंगतीला कोन बसंल?" आबा म्हणाले. "तूच सांग, कुनाला बसवू? इर्जिकीला पंगत एकच आसती."

चाचांना हे समजत नव्हतं असं नाही. मागून बसणारा म्हणजे उरलंसुरलं खाणारा. आपल्या दारात राबायला आलेल्या माणसाला तसं कोण बसवील? चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोललो असतो तर आबांनी ऐकलं असतं असं नाही, पण मी बोललोच नाही. सगळे जेवायला बसले.

आबा स्वतः वाढत होते. नानांच्या पत्रावळीत दोन नळ्या पडल्या, मांस नाही. नाना मोठ्याने म्हणाले, "तुला ठेसन आन् आमाला हाडकं व्हय?"

"खायचं तर खा," आबा म्हणाले, "न्हाईतर बोटं मोजत बस."

नानांनी उकळता रस्सा पत्रावळीसकट आबांच्या तोंडावर फेकला. आबांनी डोळे मिटले तसेच, अंदाजाने, हातातली लोखंडी पळी फिरवली. नानांचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. बायका किंचाळल्या. पंगतीतून लोक पत्रावळी तुडवत धावले. दोघांना सोडवायला अर्धा तास लागला. मग डोळे धुणं, गालाला हळद बांधणं. आणि हे सगळं झाल्यावरही लोक परत बसून जेवले, कारण अर्धं जेवून उठणं बरं दिसत नाही. काम सुरू झालं तेव्हा साडेतीन वाजले होते. मेच्या उन्हात वरचं काँक्रीट दगड झालं होतं.

गॅलरीवर पहिली घमेली पोहोचली आणि नानांच्या मुलाने आबांच्या मुलाला धक्का दिला. खाली थांबलेलं भांडण वर सुरू झालं. दहा-पंधरा माणसं त्या बांधलेल्या सळयांवर एकमेकांना बुक्क्या घालत होती. एकाचा दात पडला, एकाच्या पोटरीत सळईचं टोक घुसलं. चाचा मधे शिरले. "सळई तुडवू नका! मारायचं तर खाली जाऊन मारा एकमेकाला!" त्यांनाही दोन बुक्क्या बसल्या.

अशी पुढं आलेली गॅलरी तोलून धरतात त्या वरच्या सळया. त्या वरच राहिल्या पाहिजेत. मारामारी थांबली तेव्हा त्या पायांखाली दबून फळ्यांना टेकल्या होत्या. चाचा म्हणाले, सळया उचलून पुन्हा बांधू, कडेचं वाळलेलं काँक्रीट टाचून काढू, गॅलरी उद्या टाकू. आबांचे डोळे सुजून बंद झाले होते. "इर्जिक उद्यावर ढकलत्यात व्हय कुटं? टाका," ते म्हणाले. गाव त्यांचं होतं. काँक्रीट पडलं.

संध्याकाळी चाचा माझ्याजवळ बसले. "वही काढ. लिव्ह." मी लिहिलं: एक ते साडेतीन काम बंद. गॅलरीच्या सळया तुडवल्या गेल्या. मिस्त्रींचं म्हणणं, गॅलरी तोडून पुन्हा टाकावी, तोवर टेकू काढू नयेत. त्यांनी खाली अंगठा उठवला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दोन दिवसांनी इंजिनिअर आले, पानं उलटून त्यांनी न वाचता सह्या केल्या. मी समोर उभा होतो. साहेब, हे वाचा, एवढं मला म्हणता आलं असतं. मी नवा होतो. साहेबांना वाचा म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं.

तीन आठवडे झाले. पुण्याहून दुकानं पाहायला गिऱ्हाइकं येणार होती आणि दुकानांच्या तोंडाशी टेकूंचं जंगल उभं होतं. आबा मला म्हणाले, "टेकू काढायचा हुकूम लिव्ह."

"आबा, मिस्त्री नको म्हणतात."

"साहेबाची सही हाय का न्हाई वहीत? तुला मिस्त्रीनं लावला का मी?"

मी लिहिलं. आज सकाळी गॅलरीचे टेकू काढावेत. खाली सही केली. चाचांच्या हातात वही दिली, तर त्यांनी ती परत माझ्याकडं केली.

"वाच."

मी वाचलं.

"तुजंच अक्षर?"

"हो."

त्यांनी मान वर करून गॅलरीकडं पाहिलं. मग आपल्या दोन माणसांना म्हणाले, "तुमी लांब उभं ऱ्हावा. आत मी जातो." हातोडी घेऊन ते एकटे गॅलरीखाली गेले. आधी बाहेरच्या टोकाचा टेकू, मग त्याच्या आतला, तसे ते पाडत निघाले. आबांचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ, गिऱ्हाइकांसाठी दुकानाचं तोंड झाडायला खराटा घेऊन तिथं आला. चाचा ओरडले, "बाहेर हो! हो बाहेर!" तो म्हणाला, "आवो, झाडतोय की." सातवा टेकू पडला आणि वर काहीतरी कडाडलं. चाचांनी त्याला खांद्याने ढकललं. तो अर्धाच बाहेर गेला. गॅलरी भिंतीपाशी मोडून खाली आली.

धूळ बसल्यावर दिसलं ते असं. चुलतभावाचा पाय मांडीपासून काँक्रीटखाली, आणि तो ओरडत नव्हता, फक्त तोंड उघडं. चाचा भिंतीला चिकटून उभे, हातात हातोडी, अंगावर ओरखडासुद्धा नाही. सगळ्यांनी एवढंच पाहिलं होतं की मिस्त्री टेकूंवर घाव घालत होता आणि गॅलरी पडली.

पहिला दगड नानांच्या मुलाने मारला, ज्याचं आबांशी वैर होतं त्याने. मग सगळे तुटून पडले. चाचांना केसांना धरून खडीच्या ढिगावर पाडलं. लाथा, फावड्याचे दांडे, जे हाती येईल ते. त्यांची दोन माणसं मधे पडली, तर त्यांनाही मारलं. चाचा "सळई, सळई" म्हणत होते. तोंडातून रक्ताबरोबर तोच शब्द येत होता. आबांनी पडलेला एक टेकू उचलला. चाचांचा उजवा हात दोघांनी फळीवर दाबून धरला होता. आबांनी टेकू दोनदा मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला मिक्सरच्या पलीकडून ऐकू आला.

मी वही काखेत धरून उभा होतो. मी "आबा" म्हणालो. आणखी एकदा "आबा" म्हणालो. याहून जास्त मी त्या दिवशी काही केलं नाही.

आबा माझ्याकडं वळले. "वही आण." मी दिली. त्यांनी ती कामगारांच्या चहाच्या चुलीत घातली.

दुपारी फौजदार आले. पंचनाम्यात लिहिलं गेलं की मिस्त्रीने कुणाचाही हुकूम नसताना टेकू काढले. फौजदारांना पाच पंच हवे होते. चौघांचे अंगठे झाले. पाचवा पंच सुशिक्षित असावा म्हणून फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं. पाचवी सही माझी आहे. वळणदार, बी.कॉम.ची.

चुलतभावाचा पाय पुण्यात कापावा लागला. चाचांना मोडक्या हातानिशी पौडच्या कोठडीत तीन दिवस ठेवलं, मग जामिनावर सोडलं. हात वाकडा जुळला. रंधा धरता येणार नाही, असं कुणीतरी एसटीत बोलताना मी ऐकलं. आठव्या दिवशी मी पौडला गेलो. चाची दारात तांदूळ निवडत होती.

"हात बघाय आलास?" ती म्हणाली. "आत हाय, बघ जा."

मला आत जाता आलं नाही. तिने सूप बाजूला ठेवलं. "जेवलायस का?" तिने विचारलं. मी तसाच वळलो आणि चौकीवर गेलो.

फौजदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पंचनाम्यावरची तुझी सही खोटी?"

"खोटी."

"वही कुठाय?"

"जाळली."

"मग तुझ्या बोलण्याला धरायचं काय? चार पंच एकीकडं. आणि मिस्त्रीचा जबाब ऐक." त्यांनी कागद काढून वाचला. हुकूम कुणी दिला या प्रश्नाला चाचांचं उत्तर होतं: कुणी न्हाई. माझ्या मनानं काढले. दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा तेच. "तो मरेपर्यंत मार खाऊन आलेला माणूस," फौजदार म्हणाले, "खोटं कशाला बोलेल?"

मी तरी माझा जबाब लिहून दिला. तीन पानं. संध्याकाळी गावात पोहोचण्याआधीच बातमी पोहोचली होती. आबांच्या धाकट्या मुलांनी मला ओढ्यात गाठलं. कासऱ्याने हात बांधले आणि बैलाच्या पराणीने मारलं. दोन बरगड्या मोडल्या, डावा कान त्या दिवसापासून कामातून गेला. वडील काठावर उभे होते. ते मधे पडले नाहीत. त्यांना त्याच गावात राहायचं होतं. शेवटी आई पाण्यात उतरली आणि माझ्यावर पडून राहिली, तेव्हा पोरं थांबली.

महिनाभर मी पुण्यात एका मित्राच्या खोलीवर पडून होतो. तोवर चाचा घर बंद करून माणगावला भावाकडं गेले होते. मी तिथल्या पत्त्यावर पत्र पाठवलं. ते पत्र त्यांची धाकटी मुलगी वाचून दाखवणार, हे मला माहीत होतं. ती तेव्हा आठवीत होती. कच्चं लिहिलेलं पत्र माझ्याकडं राहिलं, ते इथं जसंच्या तसं उतरवतो.

*

तीर्थरूप चाचांस,

सलाम. चाचीलाही.

मी आठव्या दिवशी दारापर्यंत आलो होतो. चाचीने सांगितलं असेल. आत आलो नाही, कारण तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तुम्हाला मारत होते तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो. वही मीच आबांना दिली. पंचनाम्यावर मी सही केली. हे तुम्हाला माहीत आहे, पण मी स्वतः सांगितलेलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

मी चौकीवर खरा जबाब दिला आहे. त्याची नक्कल सोबत पाठवली आहे. वहीत इर्जिकीच्या दिवशी तुम्ही जे लिहायला लावलं होतं ते आठवेल तसं सगळं त्यात आहे. पण फौजदार म्हणतात, एकट्याच्या बोलण्याने काही होत नाही. वही गेली. तुमच्या दोन माणसांनी हुकूम ऐकला होता, पण ती तुमची माणसं म्हणून त्यांचं कुणी मानणार नाही, आणि मार खाल्ल्यापासून ती बोलायलाही तयार नाहीत.

तुम्ही जबाबात सांगितलं आहे की टेकू स्वतःच्या मनाने काढले. तुम्ही तसं का सांगितलं ते मला कळतं. मला नोकरी आहे, नाव आहे, पुढं आयुष्य आहे, असं तुमच्या मनात असेल. चाचा, नोकरी गेली. गावही गेलं. वाचवण्यासारखं काही राहिलेलं नाही, आणि असतं तरी ते तुमच्या हातापेक्षा मोठं नव्हतं.

पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख आहे. वकील तुम्हाला विचारील, टेकू काढायचा हुकूम कुणी दिला. तुम्ही माझं नाव घ्या. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. हुकूम लेखी होता, माझ्या अक्षरात होता, मी तो तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवला आणि अक्षर माझंच असल्याचं कबूल केलं, हेही सांगा. मी कोर्टात हजर असेन आणि हो म्हणेन. त्यांनी मला आत टाकलं तर टाकू देत. तुम्ही सुटला नाहीत तर मला बाहेर राहून काही करता येण्यासारखं नाही.

माफी मी मागत नाही. ती मागायची तर समोर येऊन मागावी लागेल, आणि तुम्ही नाव घेतल्याशिवाय मी समोर येणार नाही.

धाकटे, तुला हे वाचताना वाईट वाटेल, तरी काही गाळू नकोस. नाव घ्यायचं सांगितलं आहे तो मजकूर त्यांना दोनदा वाचून दाखव. ते मधेच उठून बाहेर निघतील. तू मागं जा आणि वाच.